म्हात्रेचा अर्धा तास

पगारवाढ नको म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाय? माझ्याकडे आहे, आणि त्याने माझं डोकं फिरवलंय.

कोलशेतला माझा अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा कारखाना आहे. खांद्यावर ड्रिल मशीन टाकून दारोदार फिरलो, तेव्हा तो उभा राहिला. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही. अपवाद या बाळकुमच्या म्हात्रेचा.

पूर्वी म्हात्रे नऊपर्यंत राबायचा, पुढे सातपर्यंत. चार वर्षांपूर्वी त्याला फोरमन केला आणि विचारलं, "बोल, किती वाढवू?"

"पैशाचं राहू द्या शेठ. अर्धा तास द्या. साडेसहाला सोडा."

मला वाटलं, स्वस्तात सुटलो. सुपरवायझर केला तर म्हणाला, सहा. मॅनेजर केला तर साडेपाच. दुसरा म्हणतो केबिन द्या, गाडी द्या. हा घड्याळ कुरतडतो!

घासाघीस केली की त्याचं एकच उत्तर, "मापात बसत नाही, शेठ."

एकदा बिल्डर समोर बसलेला, ऑर्डर तोंडाशी आलेली. साडेपाच वाजले. म्हात्रेने मेजर टेप खुंटीला अडकवली. "साहेब, तुमच्या खिडक्या उद्याही लागतील," म्हणाला आणि गेला. मी चहाचा ग्लास भिंतीवर फेकला. ऑर्डर मिळाली, पण डाग अजून आहे. भिंतीवरही आणि मनातही.

परवा मी त्याला नव्या कारखान्याचा प्रमुख करायला निघालो. हा म्हणतो, "पाच वाजता सोडणार असाल तर."

"सव्वापाच!"

"मापात बसत नाही."

"मग दुसरा माणूस बघतो!" मी ओरडलो. म्हात्रेने नेहमीसारखी टेप अडकवली आणि गेला. मीही तणतणत त्याच्यामागे बाळकुम गाठलं. आज त्याला सोडणार नव्हतो.

बिल्डिंगखाली पार्किंगच्या कट्ट्यावर म्हात्रे बसलेला. शेजारी त्याची मुलगी सोनाली, गळ्यात ऑफिसचं कार्ड. दोघं एकाच डब्यातून घावण खात होती. कारखान्यात चार शब्द बोलणारा हा माणूस हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि ती खिदळत होती.

ऑफिसची गाडी आली. "बाबा, सांगितलेलं लक्षात आहे? सोमवारपासून गाडी अर्धा तास लवकर येणार. टीम लीडर झालेय ना! तू येशील ना तोपर्यंत?"

"येईन गं. तू पोटभर जेव तिकडे."

गाडी वळली तरी तो हात हलवत होता. मग रिकामा डबा बंद करताना त्याला मी दिसलो.

"शेठ? तुम्ही?"

मी गाडी गेली त्या दिशेला बोट केलं.

"लहान होती तेव्हा मी पोचायचो तोवर झोपलेली असायची," तो म्हणाला. "हिची आई गेली. आता ही रात्रभर कामाला. पहाटे येते, झोपते, तोवर माझी निघायची वेळ. मधे एवढीच फट उरते. हिच्या दर बढतीला गाडी लवकर येते, मग मी तुमच्याकडे मागतो."

"पाच जमणार नाही!" मी सवयीने गरजलो. "पावणेपाच. पण सकाळी पाऊण तास लवकर यायचं."

त्याने डोळे मिटून हिशोब केला. "बसतंय, शेठ."

मी तसाच घरी गेलो. अजून उजेड होता. बायकोने दार उघडलं. "काय हो, कुणाशी भांडून आलात?"

"हरून आलो. चहा टाक."

आतून माझा मुलगा आला आणि मला बघून थबकला. चौकटीत जेमतेम मावत होता. बारा महिने लोकांच्या चौकटी मोजतो मी. हा एवढा कधी वाढला, ते माप माझ्याकडे नव्हतं.

"बस रे," म्हणालो. "चहा घेऊ."