बत्तीरावांनी हिरा सर केला, त्याची हकीकत

तमाम वाचकजनांस विनंती विशेष. पूर्वी मोठमोठे राजे होऊन गेले, त्यांनी किल्ले घेतले, मुलूख मारिले, आणि त्यांच्या पदरी लिहिणारे असत ते सर्व लिहून ठेवीत. परंतु एक साधा मनुष्य एका अंगठीकरिता दुकाने पालथी घालितो, त्याचे कोणी काही लिहीत नाही, ही मोठीच बेइन्साफी. म्हणोन बत्तीरावांच्या वडील भगिनी ताईसाहेब यांचा हुकूम जाहला की, "सगळं नीट लिहून ठेवा, नाहीतर हा पुढे उलटंच सांगत फिरेल." हुकूम शिरसावंद्य मानोन लेखणी धरिली. बखरकारास हिऱ्यांतले ओ की ठो कळत नाही, आणि मोहिमा म्हणाव्या तर घरातील झुरळावरही कधी फत्ते मिळाली नाही. परंतु हकीकत खुद्द मोहिमेवर गेलेल्यांच्या तोंडून ऐकिली आहे, आणि पदरची भर घातली ती थोडकीच घातली आहे.

तर वर्तमान ऐसे. एका नाटक कंपनीत दिव्यांच्या सरंजामाचे सरदार, हजारबत्ती मनसबदार, अंधारशत्रू, श्रीमंत बत्तीराव म्हणोन होते. हे नाव कंपनीतल्या मंडळींनी ठेविले, आणि तेच चालीस पडले. वय चाळिशीपार, माथ्यावरील केसांनी तह करोन निम्मा मुलूख सोडिलेला, बाकी शरीर शाबूत. हुन्नर मोठा. एक दांडी खाली ओढावी की मंचावर चांदणे पडावे, दुसरी ओढावी की पत्र्याचा मुकुट सोन्याचा दिसावा आणि काचेचा मणी रत्न होऊन लखलखावा. त्याच कंपनीत कपडेपटाची जहागीर सांभाळणाऱ्या बाई होत्या. गळ्यात मापाची फीत, तोंडात टाचण्या, आणि नजर ऐसी की प्रेक्षागृहाच्या शेवटल्या रांगेतून राजाच्या अंगरख्याचे सैल बटण दिसावे. बत्तीरावांचे मन त्या बाईंपाशी कधीच जाऊन ठाणे देऊन बसले होते, आणि हे तमाम कंपनीस ठाऊक होते. फक्त बाईंस सांगण्याची छाती बत्तीरावांस नव्हती.

मग गेल्या हंगामी एक मोठा अनर्थ घडला, तो लिहिणे प्राप्त आहे. प्रयोग संपला, पडदा पडला, मंडळी खुशीत होती, आणि बत्तीरावांस काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी सामानाच्या पेटीतून राणीची काचेची अंगठी काढिली, वरचा झोत बाईंवर टाकिला, आणि भर मंडळीत गुडघा टेकून लग्नाची मागणी घातली. मंडळींनी टाळ्या पिटल्या, शिट्या घातल्या. बाईही हसल्या. मग त्यांनी अंगठी पुसून पेटीत जागच्या जागी ठेविली आणि बोलिल्या, "तुमचं खरं कुठलं आणि नाटक कुठलं, मला कधी कळतच नाही हो." त्या दिवसापासून बोलणे ते कामापुरतेच राहिले. वस्तुतः बत्तीरावांनी मागणी मनापासून घातली होती. परंतु नकार आला तर 'गंमत केली' म्हणावयास जागा असावी म्हणोन नाटकाची ढाल पुढे केली, आणि ढालच अंगावर पडली. ऐसे शूर होते.

पुढे खबर आली की, कपडेपटाच्या बाई हंगाम संपताच कंपनी सोडोन आपल्या भावाच्या शिलाईच्या दुकानी दूर शहरी जाणार. हे ऐकताच बत्तीरावांचे अन्न तुटले. मग ताईसाहेबांच्या स्वयंपाकघरी खलबत बसले. ताईसाहेब म्हणजे थोर मसलतगार, विळीवर बसूनही राज्ये उलथावी ऐसा वकूब. भावोजी हजर होते, परंतु त्यांस मताचा अधिकार नव्हता. ताईसाहेबांनी फर्माविले की, काचेने बिघडले ते हिऱ्यानेच दुरुस्त होईल. अंगठी खरी आणावी, लहान चालेल, परंतु खरी. झोत नको, मंडळी नको, विनोद तर नकोच नको. सराफ भरवशाचा पाहावा. आणि आपण स्वतः सोबत येऊ, कारण या गाढवास एकटे सोडण्याजोगे नाही. भावोजींनी मान डोलाविली.

मग बत्तीरावांनी विद्या संपादन केली. जेवता, झोपता, दात घासता मोबाईलवर हिऱ्यांचे चलच्चित्र पाहावे, ऐसा क्रम चालविला. तेथ त्यांस उमगले की हिऱ्याचे सारे तेज घडणीत आहे. वरून उजेड आत शिरावा, तळच्या पैलूंवर आपटून वळावा आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत परत यावा, तो हिरा चांगला घडविलेला. पोट फार खोल ठेविले की उजेड कुशीतून निसटतो, फार उथळ ठेविले की तळातून गळतो, मग दगड कितीही वजनदार असो, मध्यभागी काळोख. हे पाहोन बत्तीराव मांडीवर थाप मारोन बोलिले, "अगं ताई, हे तर आमच्या दिव्यामागच्या आरशासारखंच! मला कोण फसवणार?" ताईसाहेबांनी फक्त भावोजींकडे पाहिले.

मग सुमुहूर्त पाहोन, म्हणजे ताईसाहेबांची कपडे धुण्याची धांदल संपल्यावर, स्वारी हमरस्त्यावरील बड्या पेढीवर चालोन गेली. पेढी कसली, काचेचा बुलंद कोटच. दारी बंदूकधारी पहारेकरी, आत गार हवा, मऊ गालिचा, आणि कोट घातलेले एक गृहस्थ ऐसे अदबीने सामोरे आले की बत्तीराव त्यांसच मालक समजोन वाकले. त्या गृहस्थांनी काळ्या मखमलीवर एक हिरा ठेविला. हिरा पेटला. तांबडी, निळी, पिवळी किरणे उडाली, बत्तीरावांचे डोळे दिपले, भान हरपले, सारी विद्या एका क्षणी परागंदा जाहली, आणि "हाच, हाच द्या" ऐसे बोलोन त्यांनी खिशात हात घातला. आयुष्यभर ज्याने लोकांचे डोळे दिपविले, तो दोन पळांत गारद. तेसमयी ताईसाहेबांनी कोपराने बरगडीवर हल्ला केला आणि दबक्या आवाजात बोलिल्या, "अरे, जरा वर बघ ना!"

बत्तीरावांनी वर पाहिले. छतावर बारीक दिव्यांची अख्खी पलटण, आणि दिवे तेच, त्याच जातीचे, जे राणीच्या प्रवेशास ते स्वतः लावीत असत. मग त्यांस मोठी शरम आली, आणि शरमेच्या पाठोपाठ त्वेष आला. त्यांनी दिवे मालविण्याची दरखास्त केली. कोटवाल्या गृहस्थांनी हसतमुखाने कळविले की दिवे सगळे एकाच कळीवर आहेत, तशी पद्धत नाही. बत्तीराव दारापाशी उजेडात नेऊ म्हणाले, तर तीही पद्धत नाही. मग बत्तीरावांनी निर्वाणीचा डाव टाकिला. हिरा मुठीत घेतला, खाली वाकले, आणि थेट टेबलाखाली शिरले.

टेबलाखाली सावली होती. तेथ मूठ उघडिली तो हिरा विझलेला, मध्ये काळी विहीर, पोट सुटलेले. खरा होता, परंतु वजन राखण्याकरिता जाडाच ठेविलेला, उजेडास परतीची वाट नाही. बत्तीरावांनी आतूनच जयघोष केला, "ताई, मधे अंधार आहे!" परंतु हिरा हाती घेऊन टेबलाखाली दडलेला मनुष्य पाहोन पेढीत हलकल्लोळ उडाला, पहारेकरी धावला, आणि त्याने श्रीमंतांस पाय धरोन बाहेर ओढिले. शर्टाचे एक बटण तेथेच पडले. हिरा परत केला, ताईसाहेबांनी "डोक्याने जरा अधू आहे हो, पण मनाचा चांगला आहे" ऐसे सांगोन सुटका करविली, आणि फौज माघारी फिरली.

त्याच सायंकाळी एका गल्लीत लहान पेढी नजरेस आली. मालकीणबाई वयस्क, नाकावर चष्मा, गळ्यात भिंग. गालिचा नाही, कोटवाले नाहीत. बत्तीरावांनी कमावलेल्या ऐटीत हिरा मागितला. सराफबाईंनी टेबलावरचा दिवा आपण होऊन मालविला, खिडकीपाशी पांढऱ्या कागदाच्या घडीत एक लहानसा हिरा ठेविला, आणि मावळत्या उजेडातही तो शांतपणे हसत राहिला. मग बाईंनी भिंग पुढे करोन सांगितले की, कडेला येथे एक बारीक ठिपका आहे, अंगठीत बसविल्यावर झाकेल, पण आहे तो आहे. कागदपत्र सोबत आहे, त्यावरचा आकडा हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे मधल्या धारेवर, कोरलेला आहे, तो भिंगातून ताडून घ्यावा. आणि याहून मोठा माझ्यापाशी आहे, परंतु तो घेऊ नये, त्याची घडण बरी नाही.

हे ऐकोन बत्तीरावांनी विश्वास ठेवावा की नाही? नाही ठेविला. त्यांचे मन ऐसे बोलिले की, इतका खरेपणा म्हणजे निश्चित मोठे कारस्थान. विकणारी बाई आपल्याच मालाची खोट दाखविते, ती उगाच काय? मग 'विचार करून येतो' ऐसे बोलोन ते ताईसाहेबांचा दंड धरोन रस्त्यावर आले आणि आपण कसे डावातून सुटलो ते सांगू लागले.

ताईसाहेब भर रस्त्यात उभ्या राहिल्या. बखरीत एवढे लांब बोलणे जसेच्या तसे लिहिण्याचा दस्तूर नाही, परंतु हे बोलणे गाळिता येत नाही. "तुला खोटं बरोब्बर ओळखता येतं रे. जन्म गेला त्यात. पण खरं समोर आलं की पाय लावून पळतोस. ही बाई खरं बोलली, तर पळालास. आणि तुझ्या त्या बाईंना खरं सांगायची वेळ आली, तेव्हा काच घेऊन नाचलास. जाऊ दे त्यांना भावाकडे. सुटतील बिचाऱ्या."

बत्तीराव शेजारच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. ताईसाहेबांस वाटले, जरा जास्तच बोलले, म्हणोन त्याही शेजारी बसल्या आणि भावाच्या पाठीवर हात ठेविला. बत्तीरावांस खरोखर रडू आले होते, आणि ते लपविण्यासारखे नाही, म्हणोन येथे लिहिले.

मग डोळे पुसोन ते परत पेढीत गेले आणि प्रांजळपणे अर्ज केला की, मला विश्वास ठेवता येत नाही, काय करू? सराफबाई चिडल्या नाहीत. त्यांनी फर्माविले की, ठेवूच नये. हिरा घेऊन जावे, दुसऱ्या कोणास दाखवावे, आणि तोवर आपली ताई येथे ठेवावी. येणेप्रमाणे ताईसाहेब ओलीस राहिल्या. त्यांस खुर्ची मिळाली, चहा मिळाला, आणि सराफबाईंच्या सुनेविषयीची समग्र माहिती मिळाली.

बत्तीराव हिरा मुठीत घेऊन गेले कोठे, तर त्याच बड्या पेढीवर, जेथून पाय धरोन ओढिले होते. पहारेकऱ्याने ओळखिले, बंदूक सावरली. बत्तीरावांनी दोन्ही हात वर केले आणि हिरा कोटवाल्या गृहस्थांपुढे ठेविला. गृहस्थांनी भिंग लाविले, पाहिले, फिरवोन पुन्हा पाहिले, मग इकडे तिकडे नजर टाकोन हळूच पुसिले, "विकायचाय का?" शत्रूची याहून मोठी ग्वाही ती कोणती? बत्तीरावांनी हिरा उचलिला आणि बाहेर धूम ठोकली. गल्लीत पोहोचले तो ताईसाहेब बोलिल्या, "आलास पण एवढ्यात? माझा चहा व्हायचाय अजून."

अंगठी तयार जाहली. आता शेवटले युद्ध राहिले. हंगामाचे शेवटले प्रयोग चालू होते, कपडेपटाच्या बाईंच्या पेट्या निम्म्या भरल्या होत्या. दुपारी कपडेपटाच्या खोलीत बाई एकट्याच राजाच्या झग्याची किनार टाचीत बसल्या होत्या, इस्त्री गरम होती, तोंडात टाचण्या होत्या. बत्तीरावांनी झोत लाविला नाही, गुडघा टेकिला नाही. गुडघा टेकावयाचे मनात होते, परंतु वय चाळिशीपार, खाली गेले तर वर येण्याची खात्री नव्हती. त्यांनी डबी उघडोन पुढे धरिली आणि सात रात्री घोकलेले भाषण आरंभिले, तो पहिलाच शब्द आठवेना. मग ऐसे बोलिले, "तेव्हा मी गंमत नव्हतो करत. घाबरलो होतो. आताही घाबरलोय."

बाईंच्या तोंडात टाचण्या, म्हणोन उत्तर येईना. बाईंनी एक टाचणी काढिली, उशीत खोचिली. दुसरी काढिली, खोचिली. बत्तीरावांस वाटले, या बाईने तोंडात कारखाना भरला आहे की काय. शेवटली टाचणी खोचोन बाईंनी डबीकडे पाहिलेच नाही. त्या डबी धरलेल्या हाताकडे पाहात राहिल्या, जो पिंपळपानासारखा कापत होता, आणि जन्मात कधी कोणत्या दांडीवर कापला नव्हता.

"हात बघा तुमचा," बाई बोलिल्या. "एवढं काही नाटकात करता यायचं नाही तुम्हाला."

मग बोट पुढे करोन म्हणाल्या, "घाला लवकर. इस्त्रीखाली झगा जळतोय."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. बाईंच्या पेट्या पुन्हा रिकाम्या जाहल्या, भावास निरोप गेला, ताईसाहेबांनी आपल्या गल्लीतल्या सगळ्यांस वर्तमान सांगितले, आणि भावोजींस प्रथमच मत विचारण्यात आले, तेव्हा त्यांनी "बरं झालं" ऐसे मत दिले. राजाच्या झग्यावर इस्त्रीचा डाग पडला तो आजही आहे. राजा त्या बाजूने प्रेक्षकांकडे वळत नाही. मोहिमेचा खर्च, मानहानी आणि एक बटण वजा जाता बाकी सर्व लाभच लाभ, ऐसी नोंद करोन लेखणी खाली ठेवितो. घडण, पोट, पैलू, ठिपका, यांची इतकी विद्या बत्तीरावांनी संपादिली होती. परंतु हिरा तो बाईंनी दुसरे दिवशी पाहिला.