मालनचा रेडिओ मिरवणुकीत

सासऱ्यांच्या कार्डाला गहिनीनाथनं उत्तर धाडलं नव्हतं. कार्ड पोचलं नाही म्हणावं, तर तिसगावच्या टपाल कचेरीत कारकून तोच. सवड झाली नाही म्हणावं, तर सगळा दिवस तो टपालातच बसलेला. सुप्याहून आप्पासाहेबांनी लिहिलं होतं, 'लग्नात दिलेला रेडिओ कसा वाजतो ते कळवावे. आवाज खणखणीत आहे ना?' एका ओळीत भागलं असतं. पण कार्ड आलं त्या दिवशी रेडिओ बाबाजानच्या दुकानात पोट उघडून पडला होता, आणि खोटं लिहायला बसलं की गहिनीनाथचं अक्षर बिघडायचं.

हे सगळं झालं एका पेटीमुळं.

गहिनीनाथ मोठा भिडस्त माणूस. खिडकीपलीकडच्या माणसाला 'इथं सही करा' सांगायचं तर आधी मनातल्या मनात एकदा म्हणून बघायचा. मोकळा व्हायचा तो फक्त गिटार हातात आली म्हणजे. नगरच्या कॅम्पातल्या एका निवृत्त फौजी बँडवाल्याकडून त्यानं ती जुनी विजेची गिटार आणली होती आणि लग्नसराईत कारभारी मास्तरांच्या बँडात तो ती वाजवायचा. तेवढ्या वेळात गाव आपल्याला ऐकतं, असं त्याला वाटायचं. वर्षभर त्याला ते पुरायचं.

गिटार हलकी होती. तिचा आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर मात्र, म्हणजे बँडवाल्यांच्या भाषेत 'पेटी', दोन माणसांनाही उचलत नसे. वर मोटारीची बॅटरी वेगळीच. हे सगळं हातगाडीवर चालायचं, आणि वायर आखूड असल्यामुळं गाडीमागं गहिनीनाथ, दाव्याला बांधलेल्या वासरासारखा. मागच्या लग्नात गाडीचं चाक गटारात गेलं. बँड पुढं गेला, नवरदेव पुढं गेला, अक्षता पडल्या, पंगती बसल्या, तरी गहिनीनाथ गटारापाशी गिटार गळ्यात घेऊन उभाच. वायर उपटली तर पेटी जळेल, अशी त्याला भीती.

गाडी ओढणाऱ्या मच्छिंद्रच्या कमरेत त्या दिवशी लचक भरली. कारभारी मास्तर मांडवातून बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, "नाथा, फुडच्या लग्नाला गळ्यात मावंल असं कायतरी आन. न्हाईतर तू बी घरी बस आन् पेटी बी."

गहिनीनाथ मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देणाऱ्या बाबाजानकडं गेला. बाबाजाननं सगळं ऐकून घेतलं, दाढी खाजवली आणि विचारलं, "वहिनींच्या फळीवर सेलवरचा रेडिओ हाय न्हवं?"

"आहे. पण तो रेडिओ आहे."

"रेडिओ काय अन् पेटी काय, एका आईची लेकरं. आत दोन तारा डाक लावून जोडतो, गिटार रेडिओतनं बोलंल. खांद्यावर घ्यायला पट्टा बी हायेच त्याला."

गोष्ट खरी होती. अडचण एवढीच की रेडिओ त्याच्या बायकोचा, मालनचा होता. दुपारी शेजारच्या बायका तिच्याकडं ऐकायला जमत. पुणं स्टेशन जिथं लागायचं तिथं काचेवर तिनं कुंकवाचा ठिपका लावून ठेवला होता. तिला विचारावं असं गहिनीनाथनं रोज ठरवलं आणि रोज त्याचा विचार बदलला. शेवटी त्यानं तिला सांगितलं की सेल उतरलेत, नगरहून आणावे लागतील. मग रेडिओ पिशवीत घातला आणि क्रोशाच्या झाकणाखाली बिस्किटाचा रिकामा डबा ठेवून दिला. डबा जरा बुटका होता. झाकण एका बाजूनं लोंबत राहिलं.

रेडिओ परत देताना बाबाजाननं बजावलं, "वाजवताना काटा स्टेशनावरनं हलवा बरं का. त्याचा सोताचा आवाज म्या तोडलेला न्हाई. परत फळीवर जायाचाय ना त्यो."

गहिनीनाथनं मान डोलावली. काट्याला त्यानं हातही लावला. पण एकदा हलवलेला काटा पुन्हा नेमका ठिपक्यावर बसला नाही तर मालनला कळेल, असं मनात आलं आणि त्यानं हात मागं घेतला. दुकानातच त्यानं गिटार वाजवून पाहिली. दुपारचा कार्यक्रम संपला होता आणि स्टेशन संध्याकाळपर्यंत बंद होतं. सूर असा स्वच्छ आला की रस्त्यानं जाणारे दोघे थांबले. झालं, काटा तिथंच राहिला.

पुढचं लग्न निघालं सुप्यालाच, मालनच्या चुलतबहिणीचं. घरचाच जावई वाजवतो म्हणून चुलतसासऱ्यांनी तिसगावचा बँड सांगितला होता. मालन आधीच माहेरी गेली होती. गहिनीनाथनं रेडिओ खांद्याला लटकवला, वरून शाल घेतली आणि भर उन्हाळ्यात शाल घेऊन तो मारुतीच्या देवळापाशी उभा राहिला.

संध्याकाळी नवरदेव घोड्यावर बसला आणि देवळापासून मांडवापर्यंतची मिरवणूक निघाली. हातगाडी नव्हती, दावं नव्हतं. गहिनीनाथ थेट मास्तरांच्या बरोबरीनं चालत होता. शालीतून सूर निघत होते आणि पोरंसोरं शालीखाली वाकून बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा तो मिरवणुकीच्या पुढं होता. घोड्याशेजारून आप्पासाहेब चालले होते, त्यांनीही एकदा मान हलवली.

तेवढ्यात संध्याकाळचं स्टेशन सुरू झालं.

शालीतून एक भारदस्त आवाज म्हणाला, "शेतकरी बंधूंनो, ऐका आजचे बाजारभाव." गहिनीनाथ घाबरून जोरात वाजवू लागला, तसा तो आवाजही चढल्यासारखा वाटला. बटण पिळून आवाज कमी करावा तर गिटारही मुकी होणार. तरी त्यानं बटणाकडं हात नेला. शेजारच्या सहादेव पाटलांनी तो हात वरच्यावर धरला.

"हात लावू नका, पाव्हनं. कांदा यायचाय."

फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्यानं बँडाकडं बघून तळहात दाखवला. "वाजंत्री, गप ऱ्हावा जरा. गूळ चाललाय."

मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतली. ढोल थांबला, घोडा थांबला. सगळी मिरवणूक गहिनीनाथभोवती गोळा झाली. मांडवातून भटजींचा निरोप आला की मुहूर्त टळतोय. त्यावर घोड्यावरून नवरदेवच वाकून म्हणाला, "एवढं लासलगाव हू द्या."

बँड का थांबला ते बघायला मांडवातल्या बायका आल्या. भाव संपले, आणि आप्पासाहेबांनी पुढं होऊन शाल उचलली. त्यांनी रेडिओ पाहिला. मग काचेवरचा कुंकवाचा ठिपका पाहिला.

"ह्यो आपलाच न्हवं?"

मागून मालन म्हणाली, "आपलाच हाय, आप्पा. त्याच्या जागी म्या रोज बिस्किटाचा डबा पुसतीया."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आप्पासाहेब मात्र गंभीर होते. "कार्डाला जबाब आला न्हाई," ते हळू म्हणाले, "तवा मला वाटलं, रेडिओ मुका निघाला आन् जावईबापू भिडंनं सांगंनात. बरं झालं. आवाज खनखनीत हाय."

मुहूर्त कसाबसा सापडला. गहिनीनाथ जेवायला बसला. मास्तर पंगत ओलांडून त्याच्याकडं येताना दिसले तेव्हा बँडातला आपला शेवटचा दिवस हाच, हे त्यानं ओळखलं. मास्तर त्याच्याजवळ उकिडवे बसले.

"नाथा, दोन गावच्या सुपाऱ्या मिळाल्या. बाजारभावाचा बँड पायजे म्हनत्यात." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "त्यो काटा हलवू नगं."

तिसगावला परतल्यावर मालननं बिस्किटाचा डबा फळीवरून उतरवला आणि त्यात शेंगदाणे भरले. सेलाचा विषय तिनं काढला नाही, त्यामुळं गहिनीनाथला जास्तच जड गेलं. संध्याकाळी तिनं कोरं कार्ड त्याच्यापुढं ठेवलं.

"ल्ह्या. म्या सांगते."

सकाळी गहिनीनाथ कचेरीच्या बाहेर गेला, लोक टाकतात तसं कार्ड त्यानं टपालपेटीत टाकलं आणि आत येऊन खुर्चीवर बसला. टपाल काढायच्या वेळी पेटी त्यालाच उघडावी लागली. कार्ड वरच होतं. अजूनही परत घेता आलं असतं. त्यानं ते पुन्हा वाचलं : 'रेडिओ उत्तम आहे. आवाज आपण ऐकलाच. घरी मात्र फारसा नसतो.'

यात खोटं काहीच नव्हतं, आणि अक्षरही चांगलं आलं होतं. त्यानं शिक्का उचलला आणि जरा जोरातच मारला.