तात्यांच्या हुलग्याचा डबा

आमचे भाटघरचे शेजारी सदूतात्या सख्ख्या भाचीच्या लग्नाला मुकले ते शेंगा मोजण्यापायी. कापूरहोळला एसटीची वाट बघताना पलीकडच्या शेतात त्यांना हुलगा दिसला. एका झाडाच्या शेंगा मोजून होईपर्यंत एसटी गेली. तात्यांना त्याचं काही नाही. म्हणाले, "लगीन काय, माझ्याबिगर हुनारच व्हतं. त्या झाडाला शेंगा लई व्हत्या. कुनी तरी नोंद कराय नको?"

तात्या एका कडधान्य संशोधन केंद्रात मजूर होते. तिथे बियांवर किरणं मारून जास्त पिकणारं वाण शोधत. साहेबमंडळी त्यावर व्याख्यानं देत. उन्हात बसून शेंगा मोजत ते तात्या. "किरनं मारली की बी बिथरतं," ते सांगत. "शंभर खुळी निपजत्यात, एखादंच शहानं. ते हुडकायचं." पुढे हुलग्याचा प्रयोग बंद पडला. उरलेलं बी फेकून द्या, असा कागद आला. तात्यांनी ते फेकलं स्वतःच्या पिशवीत.

निवृत्तीनंतर घरामागच्या तुकड्यात ते पेरू लागले. वेगळ्या दिसणाऱ्या झाडाला लोकरीचा धागा बांधायचा, त्याचं बी निराळं ठेवायचं, पुन्हा पेरायचं. गाव हसायचं. मीही हसायचो. भोरच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्याला दुसऱ्याच्या कष्टांवर हसायला भरपूर वेळ असतो.

सहाव्या वर्षी ते झाड सापडलं. बुटकं, पण शेंगांनी लगडलेलं. त्याचं बी वाढवून तात्यांनी डबाभर केलं आणि आमच्याकडे आणून दिलं.

"माझ्याकडं उंदरं लई. तुमचं मानसांचं घर हाय, हितं ऱ्हाऊ द्या. व्हतं तेवढं सगळं ह्यातच हाय बगा."

मी डबा फळीवर ठेवला आणि बायकोला सांगायचं विसरलो. विसरलो म्हणणं सोयीचं आहे. खरं तर ते सांगण्याजोगं मला वाटलंच नाही.

पेरणीच्या तोंडावर तात्या डबा न्यायला आले, ते नेमके जेवणाच्या वेळी. ताटात हुलग्याची उसळ होती.

"बसा तात्या," बायको म्हणाली. "फळीवरच्या डब्यातला हुलगा संपत आलेला, शेवटचा वाटीभर आज शिजवला."

तात्यांनी पालथ्या घातलेल्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्यांनी चार शिव्या घालाव्यात असं मला फार वाटत होतं.

तात्या पाटावर बसले. पहिला घास सावकाश खाल्ला.

"वैनी, शिट्ट्या किती केल्या?"

"तीनच. लवकर शिजतोय हा."

तात्यांनी खिशातली वही काढून तेवढं लिहून घेतलं. "ह्याची चव बगायची ऱ्हाऊनच गेली व्हती," ते म्हणाले. "एकट्यापुरतं कोन शिजवतंय? वाढा अजून."

निघताना दारात त्यांनी माझा दंड धरला. "वैनींना बोलू नका. हौसेनं वाढलंय त्यांनी."

मी बोललो नाही. तात्यांचा तुकडा यंदा पडीक आहे. बायको मात्र अधूनमधून त्यांना विचारते, तसला हुलगा परत कुठं मिळेल का.