पायलट काही येईना

आगीची मला भीती वाटत नाही! उभी नोकरी भवानीनगरच्या पोरांना ज्वलन शिकवण्यात गेली माझी. इंधन, प्राणवायू आणि ठिणगी! तिन्ही एकत्र आले की पेटलंच पाहिजे, नाही पेटलं तर नाव बदला, असं मी वर्गात छातीठोकपणे सांगायचो. त्यामुळं मी निवृत्त झाल्यावर मंदाकिनीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, रस्त्याकडेच्या गाळ्यात नाष्टा सेंटर काढायचं ठरवलं, तेव्हा शेगडीचं खातं मी आपणहून मागून घेतलं.

तिला साधी भट्टी हवी होती. काडी लावली की भडका!

"भट्टी? या जमान्यात?" मी म्हणालो, आणि बारामतीच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून चार बर्नरची, खाली ओव्हन असलेली थोरली शेगडी उचलून आणली. टेम्पोतून ती उतरवताना अख्खी गल्ली कण्हत होती. पण तिच्यात पायलट होता! पायलट म्हणजे करंगळीच्या नखाएवढी ज्योत. ती आधी पेटवायची. ती जळत राहते आणि मग बटण फिरवलं की मोठा बर्नर आपोआप पेटतो. पायलट नसेल तर मोठ्या बर्नरला गॅसच जात नाही. किती सुरक्षित! किती शास्त्रीय!

मंदाकिनी काहीच बोलली नाही. आगीची मला भीती वाटत नाही, पण ती गप्प बसली की वाटते.

उद्घाटनाच्याच दिवशी पहिली ऑर्डर होती. अंथुर्ण्याला ठिबकवाल्यांचा शेतकरी मेळावा होता, तिथं ऐंशी जणांचे पोहे आणि शिरा दहाच्या आत पोचवायचा होता. आजवर मंदाकिनीनं साऱ्या गल्लीच्या बारशा-डोहाळजेवणांना हौसेनं रांधलं, लोकांनी बोटं चाटली आणि हात धुऊन घरी गेले. बोर्डावर तिचं नाव लागलं ते पहिल्यांदाच. पहाटेपासून तिनं कांदे चिरले, पोहे निवडले, रवा मोजून ठेवला आणि पदर खोचून शेगडीसमोर उभी राहिली.

"लावा," ती म्हणाली.

मी बटण दाबलं, लायटर ओढला. टिक! काही नाही. टिक, टिक, टिक! काही नाही. काडी लावली. काडी माझ्या बोटापर्यंत जळत आली, पायलट ढिम्म!

"अहो, सिलिंडर उघडलाय ना?"

"मी कोण आहे, मंदा?"

"तेच विचारतेय. उघडलाय ना?"

सिलिंडर उघडला. पुन्हा टिक टिक. पुन्हा ढिम्म! आता मात्र माझ्या कपाळावर घाम आला. शेगडी विकणाऱ्या विजयसिंहांना मी फोन लावला. गाळ्यात रेंज येत नाही, म्हणून रस्त्यावर जाऊन ओरडून बोलायला लागलो.

"विजयसिंह, पायलटच येईना हो! ... नाही, नाही, अजून नाही! ... अहो, पायलट आल्याशिवाय मोठा कसा येणार? मंदाकिनी मघापासून ताटकळत उभी आहे! ... काय? आधी हवा जाऊ द्यायची?"

शेजारच्या पारावर महिपतीआबा बसले होते. मूळचे कळसचे, आता इथं मुलाकडं असतात. वय झालं तरी साऱ्या तालुक्याची काळजी अजून तेच वाहतात. मी फोन ठेवताच काठी टेकत आले.

"मास्तर, पायलट येनार हाय व्हय हितं?"

"यायलाच हवा, आबा! तोच तर अडलाय."

"लाल दिव्याचा?"

"लाल नव्हे हो, निळा! निळा दिसला की समजायचं, काम झालं."

"आन् मागनं मोठा?"

"मागोमाग! हा पुढचा एवढासाच असतो, पण तो असल्याशिवाय मोठा जागचा हलत नाही."

आबांनी आवाज खाली आणला. "लईच मोठा हाय का?"

"आबा, शंभर माणसांचं पोट एका वेळी भरेल एवढा!"

आबांचे डोळे विस्फारले. मला वाटलं, म्हाताऱ्याला विज्ञानाची गोडी लागली! मी कौतुकानं त्यांचा खांदा थोपटला आणि आत पळालो. आबा मंत्र्याच्या पुढं धावणारी पोलिसांची पायलट गाडी धरून बसलेत, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

आत मी शेगडीखाली उताणा पडलो. विजयसिंहांचं म्हणणं, पाइपात हवा अडकली असेल. म्हणून मी पाना घेऊन पाइपाचा नट किंचित सैल केला. हवा निघाली की पुन्हा आवळायचा, सोपं होतं. पण नट गंजलेला! सैल झाला तो झालाच, आवळायला तयारच होईना. बाहेर गलका वाढत होता. कुठंतरी हलगी वाजायला लागली.

"बाहेर कसली गर्दी झालीय हो?" मंदाकिनीनं विचारलं.

"उद्घाटनाला आलेत. तुझ्या हाताची कीर्ती!"

"एवढी? अहो, हार घेऊन हलगीवाले आलेत!"

मी शेगडीखालून डोकं काढलं. दारासमोर पन्नास-साठ माणसं. पुढं फेटा बांधलेला रामहरी, आबांचा अंथुर्ण्याचा भाचा, त्यांनी फोन करताच पिकअपभर माणसं घेऊन आलेला! पलीकडं शेजारच्या प्रयागबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या. आणि सगळे कालव्याच्या पाण्याबद्दल तावातावानं बोलत होते.

"सर, सायबांना पैलं पान्याचंच इचारायचं," रामहरी आत डोकावून म्हणाला. "ऊस वाळाया लागलाय. आज सोडायचं न्हाय त्यास्नी!"

"कुठल्या साहेबांना?"

"आता आमच्यापासनं काय लपवताय! पायलट निघाला का बारामतीतनं?"

माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि नेमका त्याच क्षणी नाकात वास शिरला. गॅस! नटातून सूऽऽ आवाज येत होता. मी झेप घेऊन सिलिंडर बंद केला. पण तोवर गाळा भरला होता.

"शी! कसला वास हा!" म्हणत मंदाकिनीनं पंख्याच्या बटणाकडं हात नेला.

"बटणाला हात लावू नकोस!" मी असा किंचाळलो की बाहेरची हलगी थांबली.

त्या शांततेत रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "धूळ उडतीय! आलं, आलं! लावा रं माळ!"

दाराच्या तोंडाशी फटाक्यांची लांबलचक माळ अंथरलेली होती. तिच्या टोकाशी रामहरी काडी ओढण्याच्या तयारीत वाकला होता. प्रयागबाईंच्या ताटात निरांजन तेवत होतं. इंधन होतं, प्राणवायू होता आणि ठिणगी रामहरीच्या बोटांत होती. मागं माझी बायको उभी होती.

मी मंदाकिनीला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं आणि सरळ त्या माळेवर पालथा पडलो.

"काडी ओढू नका! गॅस आहे! प्रयागबाई, ते विझवा! मागं व्हा, मागं!"

प्रयागबाईंनी निरांजनावर फुंकर घातली आणि ताटासकट पळत सुटल्या. रामहरीनं काडीपेटी रस्त्यापलीकडच्या उसात भिरकावली. हारांचा, फेट्यांचा आणि चपलांचा सडा पडला. आलेली धूळ दुधाच्या टँकरची होती.

गाळ्याचं शटर आणि मागचं दार सताड उघडून आम्ही सगळे लांब उभे राहिलो. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत रेंगाळतो. मी नुसता दाराकडं बघत होतो. मंदाकिनीनं माझा सदरा झटकला.

वास पुरता निवल्यावर मी आबांना पायलट म्हणजे काय ते सांगितलं. आबांनी काठी शेगडीकडं रोखली.

"म्हंजी मंत्री न्हाय?"

"नाही, आबा."

"निस्ती शेगडी?"

"तीही पेटत नाही."

गर्दीत कुरकुर सुरू झाली. सकाळची कामं टाकून आलेली माणसं! कुणी डिझेलचं बोलायला लागलं, कुणी माझ्या शिक्षणाचं. मला वाटलं, आता हार उलटे पडणार. तेवढ्यात मंदाकिनी पुढं झाली. एरवी चारचौघांत तिचा आवाज निघत नाही, पण तेव्हा खणखणीत निघाला.

"मंत्री नाहीत, पण पोहे आहेत! अंथुर्ण्याला ऐंशी माणसं माझ्या नाष्ट्याची वाट बघतायत. तुमच्या घरी शेगड्या आहेत ना? मग उभे काय राहिलात?"

आणि काय सांगू! प्रयागबाई परत आल्या आणि कांद्याचं पातेलं उचलून चालू लागल्या. गल्लीतल्या सात घरांत सात कढया चढल्या. मंदाकिनी या दारातून त्या दारात, मीठ चाखत, "हळद कमी!" असं ओरडत धावत होती. मघाशी घोषणा द्यायला आलेली माणसं शेंगदाणे सोलत बसली. रामहरीच्या पिकअपमध्ये पातेली चढली. आबा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले, मागं हलगी कडाडली आणि मंदाकिनी पातेल्यांना कवटाळून अंथुर्ण्याकडं निघाली. मला कुणी "चला" म्हटलं नाही.

दहाला पाच कमी असताना ती पोचली. पोहे संपले, शिरा संपला. मेळाव्यातच तिला दोन बारशांची कामं मिळाली. त्याच फेरीत तिनं बारामतीला फोन करून साधी भट्टी सांगून टाकली, मला न विचारता.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यात एकटा बसलो. नवा नट आणला, साबणाचा फेस लावून गळती तपासली, टॉर्च घेऊन पायलटच्या तोंडात डोकावलो. कुंभारीण माशीनं तिथं मातीचं सुबक घर बांधलं होतं! स्टोव्हच्या पिनेनं ते कोरून काढलं, बटण दाबलं आणि टिक केलं. निळी, इवलीशी, सुंदर ज्योत!

"मंदा! अगं मंदा, धाव! पेटला!"

सकाळीच येऊन बाहेर मांडलेल्या नव्या भट्टीवरून ती हात पुसत आली. वाकून तिनं ज्योतीकडं नीट पाहिलं.

"छान पेटलाय," ती म्हणाली. "आता विझवा. ओव्हनमध्ये मला प्लेटा ठेवायच्यात."

तेवढं मात्र मला पहिल्याच प्रयत्नात जमलं.