एका घासाला एक फेरा

लेकाला, आशूला जेवू घालायचं तर इंदिरानगरच्या बागेतल्या स्वातंत्र्यस्तंभाला एका घासाला एक फेरा घालायचा, हा शोध हर्षालीला जुलैत लागला. घरी खुर्चीत बसवलं की दोन वर्षांचा हा गृहस्थ ओठ असे मिटायचा, की उघडायला सुतार बोलवावा. बागेत मात्र कडेवर बसून, स्तंभावरचे रंग बघत घास घ्यायचा. मागच्या तपासणीत त्याचं वजन गुंजभरही वाढलं नव्हतं आणि आता सोळा ऑगस्टला पुन्हा काट्यावर चढायचं होतं. म्हणून हर्षाली रोज सकाळी मऊ भाताचा डबा घेऊन, घास मोजत, पुटपुटत फिरायची. स्मारकाच्या फरशीवर चिखल नको, म्हणून अनवाणी.

फाटकाशी फुलं विकणाऱ्या सखुबाईने हे आठ दिवस पाहिलं. नवव्या दिवशी झेंडूची माळ घेऊन ती मागे आली.

"कशाचा नवस हाय गं पोरी?"

मोजणी चुकू नये म्हणून हर्षालीने ओठांवर बोट ठेवलं.

"मौन बी हाय? लय कडक दिसतंय," म्हणत सखुबाईने चपला काढल्या आणि मागे चालू लागली.

चार दिवसांत सखुबाईचा गुडघा सुटला. वर्षानुवर्षं टोपलीपाशी बसून आखडलेला गुडघा चालल्यावर सुटणारच, हे हर्षालीला कळत होतं. पण फुलं घेणाऱ्या प्रत्येकीला सखुबाई तो वाकवून दाखवू लागली आणि ऑगस्ट उजाडला तोवर हर्षालीमागे पंधरा बायका फिरत होत्या. स्तंभाला हळदकुंकू लागलं. लेकुरवाळीच्या पुढे कुणी जायचं नाही, असा नियमही कुणीतरी काढला.

"मावशी, अहो हा देव नाही! स्वातंत्र्यसैनिकांची नावं आहेत त्यावर."

"मंग? त्यांनी काय कमी केलंय आपल्यासाठी?"

एम.एस्सी. झालेल्या हर्षालीने दुसरा मुद्दा काढला.

"आणि मी नुसतं आशूला भरवतेय हो."

"भरव की. घेतला वसा टाकू नये."

पंधरा ऑगस्टला ती डबा घेऊन पोचली, तर स्तंभाभोवती दोर.

"ताई, आज फेरे बंद," बागेचा रखवालदार झिपरू म्हणाला. "आठला झेंडावंदन हाय. पाहुणे येतील."

"झिपरूकाका, उद्या त्याचं वजन आहे! दहाच घास."

आशूने तोंड मिटलेलंच होतं. सखुबाईने सरळ दोर सोडला, फेरे सुरू झाले आणि तेवढ्यात प्रमुख पाहुणे गाडीतून उतरले.

"हे काय चाललंय?"

नोकरी जाण्याच्या भीतीने झिपरूला एकदम सुचलं. "साहेब, इथली पद्धतच हाय. आधी फेरे, मग झेंडा."

पाहुण्यांनी बूट काढले. ते बघून बरोबरच्या पालिका अधिकाऱ्यांनीही काढले. पुढे हर्षाली, मागे सखुबाई, तिच्यामागे हात जोडून पाहुणे आणि मोज्यांवर निम्मं कार्यालय.

"किती फेरे असतात?" पाहुण्यांनी हळूच विचारलं.

"पोराचा डबा संपस्तोवर," सखुबाई म्हणाली.

नवव्या घासाला आशूने भात गालात धरून ठेवला. एक फेरा झाला, दुसरा झाला, गाल तसाच. आठला दोन मिनिटं होती. हर्षालीने त्याच्या फुगलेल्या गालावर हलकेच बोट टेकवलं.

"आशू, गिळ ना रे सोन्या!"

"गिळ रं माझ्या वाघा!" मागून पंधरा बायका.

शेवटी पाहुणे नियम मोडून पुढे आले. भाषणाचा कागद खिशात कोंबला आणि वाकून म्हणाले, "बाळा, गिळ. देश थांबलाय."

आशूने त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि गिळलं. दहावा घास तर त्याने स्वतःहून आ करून घेतला. हर्षालीने रिकामा डबा वर धरला, टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी घाईघाईने एक बूट पायात घातला.

आशूने डब्यात डोकावून पाहिलं. मग जन्मात पहिल्यांदाच म्हणाला, "अजून."

हर्षालीच्या डोळ्यांत पाणीच आलं. सखुबाईने फडक्यातली भाकरी सोडून तिच्या हातात ठेवली.

पाहुण्यांनी भाकरीकडे पाहिलं. चांगली ताटाएवढी होती. त्यांनी घातलेला बूट पुन्हा काढून ठेवला.