पूर्णगडला न्यायचे तोंड

येत्या रविवारी पूर्णगडला जायचं ते गुळगुळीत दाढी करूनच, असं महिपतने ठरवलं आणि तिथून पुढचा सगळा घोटाळा सुरू झाला.

ठरवण्याला कारण होतं. महिपत रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीत जावक कारकून. त्याची बायको मालन बाळंतपणासाठी माहेरी, पूर्णगडला गेलेली. लेक तीन महिन्यांची झाली होती आणि रविवारी दोघींना घरी आणायचं होतं. पण आधीच्या भेटीत महिपतने लाडाने लेकीच्या गालाला गाल लावला, तर पोरीने असा टाहो फोडला की किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करणारे दोघे काम टाकून बघायला आले.

"जावईबापू," सासूबाई, आनंदीबाई, म्हणाल्या, "ही दाढी हाय की काथ्या? पोरीचा गाल सोलवटला ना!"

महिपतचा इलाज नव्हता. त्याची कातडीच नाजूक. (बाकी माणूस दणकट. फणस एकटा फोडायचा आणि एकटाच संपवायचा.) ब्लेड लागलं की मान पेटायची, पुटकुळ्या यायच्या. म्हणून दाढी आठवड्यातून एकदाच. ब्लेड मात्र गणपतीत घेतलेलं ते शिमगा आला तरी तेच.

सोमवारी त्याने कचेरीत सल्ला विचारला. कचेरीत साधा अर्ज सहा महिने हलत नाही, सल्ला मात्र उभ्या उभ्या मिळतो.

"उलटी दाढी कर," हेडक्लार्क आप्पा म्हणाले. "मुळापासून निघते. वर तुरटी घास."

"तुरटी कसली?" शेजारच्या टेबलावरचा हरिश्चंद्र म्हणाला. "माझ्या मेव्हण्याने दुबईहून लोशन आणलंय. बाटलीच देतो."

"लिंबू चोळा, सायेब," शिवा शिपाई म्हणाला. "पितळेची घंटा झगझगते, गालाचं काय घेऊन बसलात!"

महिपत भिडस्त माणूस. कुणाचं मन मोडणं त्याला जमायचं नाही. मंगळवारी सकाळी त्याने तिघांचंही ऐकलं. एकदमच ऐकलं. आधी सुलटी दाढी, मग उलटी, मग उरलीसुरली आडवी. त्यावर लिंबू, लिंबावर तुरटी आणि तुरटीवर दुबई.

त्याची किंकाळी ऐकून शेजारच्या गोदाकाकू धावत आल्या. महिपतचं तोंड रातांब्यासारखं लाल झालं होतं आणि त्यावर तिरफळाएवढे दाणे उठले होते.

"अगो बाय! कांजिण्या!"

"नाही हो काकू, दाढी आहे."

"दाढी अशी येते होय? तापात बरळतोय बिचारा," म्हणत काकूंनी त्याच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा अडकवला.

कचेरीत साहेबांनी नाकाला रुमाल लावून, चार टेबलं लांबूनच त्याची आठवडाभराची रजा मंजूर केली. (एरवी एका दिवसाच्या रजेला साहेब तीन कारणं मागत.) त्यात गोदाकाकूंचा भाऊ पूर्णगडच्या एसटीवर कंडक्टर. बुधवारी संध्याकाळी त्याच्याच हाती मालनची चिठ्ठी आली : "कांजिण्यांचे कळले. महिनाभर इकडे येऊ नये. आम्हीही येणार नाही. आईने देवीला नारळ बोलला आहे. जपावे."

महिपत चिठ्ठी घेऊन खाटेवर बसला. महिनाभर! तोवर पोर आपल्याला पाहुणाच समजायची. खोलीत पाळणा टांगून तयार होता. त्याने उगाच दोरी ओढली. रिकामा पाळणा कुरकुरला. ते काही त्याला ऐकवेना. तो उठला आणि तडक बाजारातल्या रावजी न्हाव्याकडे गेला.

म्हाताऱ्या रावजीने त्याची हनुवटी उजेडाकडे वळवली. "कुणी केलान हे?"

"मीच."

"दाढी करायची असते महिपतराव, नांगरायची नसते. काय काय लावलात?"

महिपतने सांगितलं.

"एवढ्यात बांगडासुद्धा मुरला असता!" रावजी म्हणाला. "आता शनिवारपर्यंत काही लावू नका. रविवारी आंघोळ झाल्यावर, कातडी मऊ असताना बसा. कोमट पाणी, भरपूर फेस, नवं कोरं ब्लेड. केस जिकडे, हात तिकडे. दाबायचं नाही आणि परत फिरायचं नाही. मग गार पाणी मारा, टिपून घ्या, थेंबभर खोबरेल लावा. झालं."

"एवढंच?"

"एवढंच. आणि दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही."

गालावरची तिरफळं शनिवारपर्यंत बसली. रविवारी महिपतने रावजीचा शब्द न् शब्द पाळला. उलटा हात मारायचा मोह झाला तेव्हा रेझर खाली ठेवून एक ते वीस अंक मोजले. मान पेटली नाही. गाल थंडगार! एसटीत तो सारखा गालावरून हात फिरवत होता. शेजारच्या उतारूने विचारलंसुद्धा, "दाढ दुखते काय हो?"

पूर्णगडला आनंदीबाईंनी त्याला अंगणाच्या बेड्याशीच, फाटकाबाहेरच अडवलं. "थितंच ऱ्हावा! कांजिण्या घेवन कुठं आलात?"

"कांजिण्या नव्हत्याच. ती दाढी होती," म्हणत महिपतने तोंड पुढे केलं. सासूबाईंनी चष्मा लावून दोन्ही गाल तपासले, अंगठ्याने दाबून पाहिले. मग त्याने सगळी हकिगत सांगितली. मालन हसता हसता पडवीतच खाली बसली.

"आणि मी चार दिवस मासे सोडले तुमच्यापायी!" ती म्हणाली. डोळे पुसून ती उठली. "चारच्या एसटीने निघू या. बोचकं मी अजून सोडलेलंच नाही."

तिने लेकीला त्याच्या हातात दिलं. महिपतने श्वास रोखून गालाला गाल टेकवला. पोर रडली नाही. उलट तिने आपला इवलासा गाल त्याच्या गालावर घासला आणि ओठ हलवत तोंड वळवलं.

"बघा, ओळखलंन मला!" महिपत हरखून म्हणाला. "पापी घेतेय बापाची!"

पोरीने त्याची हनुवटी तोंडात धरली आणि मनापासून चोखायला सुरुवात केली. अर्धा मिनिट चोखून काहीच येईना, तेव्हा तिने तोंड काढलं, बापाकडे एकदा नीट पाहिलं आणि आख्खं गाव जागं होईल असं भोकाड पसरलं.

आनंदीबाईंनी नातीला काढून घेतलं.

"दाढी झ्याक जमली हो जावईबापू," त्या म्हणाल्या. "पण आता दूध कुठनं आणणार?"