करंट बंद आहे, मी सांगतो ना!

घरातल्या कुठल्याही कामाला मी माणूस बोलावत नाही. माणूस नंतर बायको बोलावते, तो भाग वेगळा! पण कोंबड्यांच्या कुंपणाचं काम मी असं चोख केलं होतं की कुणी नावं ठेवली नसती.

झालं असं, की गल्लीतल्या बोक्याने आमच्या परसात मोकळ्या फिरणाऱ्या दोन कोंबड्या लंपास केल्या. बायकोने निकाल दिला, "आणखी एक जरी गेली, तरी उरलेल्या सगळ्या दादाकडे!"

दादा म्हणजे माझा मेव्हणा. त्याच्याकडे पक्कं खुराडं आहे आणि मला हसायला भरपूर वेळही. पण खरं सांगू? माझा जीव ठिपकीत अडकला होता. रोज सकाळी मी पेपर उघडला की ही कोंबडी येऊन माझ्या पायावर बसते. घरात माझ्याजवळ आपणहून येऊन बसणारी ती एकटीच!

मग मी करंटची जाळी आणली. सोबतचं माहितीपत्रक पाठ केलं. घरातली वीज थेट तारेत सोडायची नाही. कुंपणाचं खास मशीनच लावायचं, ते थांबून थांबून झटका देतं, जीव घेत नाही. जाळीला टेकणारं गवत कापायचं. अर्थिंगची सळई ओल्या जमिनीत ठोकायची. मी गवत कापलं, 'सावधान'ची पाटी लावली आणि सळईभोवती एवढं पाणी ओतलं की निम्मं परस चिखल झालं. त्या चिखलात उतरायला मेव्हण्यानेच दिलेले, दोन नंबर मोठे गमबूट चढवले. जाळीच्या आत कोंबड्यांमध्ये उभा राहिलो आणि ओरडलो, "सुरू कर!"

बायकोने मागच्या दारातलं बटण दाबलं. मी जाळीला बोट लावलं. काही नाही! मुठीत धरली. तरी काही नाही!

"फसवलं आपल्याला! मशीन मेलेलं आहे."

"अहो, टक् टक् तर करतंय."

"घड्याळही टक् टक् करतं. त्याचा करंट बसतो का?"

बायको हाताची घडी घालून दाराला टेकून उभी राहिली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

तेवढ्यात मेव्हणा आला, हातात झाकणाची मोठी टोपली! चपला दाराशी काढून, पाटीकडे बघत तो जाळीपाशी आला.

"दाजी, आणखी एक जायची वाट कशाला बघायची? मी आजच नेतो सगळ्या."

"काही गरज नाही. सगळं जमलंय. फक्त करंट बंद आहे."

"नक्की?"

"मी सांगतो ना! हे बघ!" मी दोन्ही हातांनी जाळी धरून दाखवली.

मेव्हणा निर्धास्तपणे जाळीवर हात टेकून वाकला.

टक्!

एवढा वजनदार माणूस एवढी उंच उडी मारतो, हे मला माहीत नव्हतं. टोपली थेट कोंबड्यांच्या मधोमध! कोंबडी उडत नाही असं म्हणणाऱ्याने त्या दिवशी आमच्याकडे यायला हवं होतं. एकजात सगळ्या जाळीवरून पार! सर्वांत मागे ठिपकी. आणि भिंतीवरून बोका खाली उतरला.

"ठिपके!" मी झेपावलो. बूट नाही झेपावले. ते चिखलात रुतून राहिले आणि मी अनवाणी, एक पाय जाळीच्या आत, एक बाहेर.

टक्!

"आई गं! बंद कर!"

बायको दारातून शांतपणे म्हणाली, "काय बंद करू? बंदच आहे ना ते?"

टक्!

"चालू आहे! चालू आहे गं!"

"घड्याळ असेल."

टक्!

"चुकलो! माझे आई, चुकलो!"

तिने बटण बंद केलं.

माझी बोंब ऐकून बोका जो भिंतीपलीकडे पसार झाला, तो अजून गल्लीत दिसलेला नाही. कोंबड्या अंधार पडता पडता आपणहून परत आल्या. मेव्हणा तळहात चोळत एवढंच म्हणाला, "रबरी बूट घालून करंट तपासतात का, दाजी?" आणि रिकामी टोपली घेऊन गेला. ही जाळी आहे तोवर तो परसात पाऊल टाकणार नाही म्हणे. म्हणजे कोंबड्या राहिल्या! मी जिंकलो की नाही?

दुसऱ्या दिवशी बटण बंद असल्याची बायकोकडून दोनदा खात्री करून घेऊन मी बूट आणायला गेलो. एक आडवा पडला होता. त्यात ठिपकी, अर्धी आत, अर्धी बाहेर. तिला उठवलं तर खाली अंडं!

"बघा," बायको म्हणाली, "त्या बुटांचा नीट उपयोग घरात एकीलाच कळला."

बूट आता तिथेच असतो. हल्ली पेपर वाचताना माझ्या पायावर कोणी येऊन बसत नाही.